शक आणि शक्यता

नांदेडच्या स्टेशनाबाहेर येऊन मी छत्री उघडली, तर दोन रिक्षावाले एकमेकांकडे बघून हसले. छत्रीच्या घडीत अजून चिपळूणची ओल होती. आदल्या दिवशी घर सोडले तेव्हा आमच्याकडे श्रावणझड लागली होती आणि अंगणातून चालताना चपला हातात घ्याव्या लागल्या होत्या. इथे श्रावण संपत आला तरी सकाळीच ऊन डोळ्यांवर येत होते. मी छत्री उघडली ती उन्हासाठी.

"मावशी, पाऊस संगं आणला का?" एकाने विचारले.

"आणला असता तर ठेवला कुठे असता?"

"आमच्या घरी ठेवा की. लई जागा हाय," तो म्हणाला आणि माझी पिशवी उचलून रिक्षात ठेवली.

आधी येण्याचे कारण सांगते. मी भौतिकशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. पुण्याच्या हॉस्टेलात माझ्या खोलीत राहणारी सुलभा लग्न होऊन लातूर जिल्ह्यात जळकोटच्या पलीकडच्या एका गावात गेली. "येते, येते" म्हणण्यात आमचे केस पिकले. या वर्षी तिचा फोन आला. "माझी सून सरपंच झाली आहे. गावच्या तलावावरून घरात दोन चुली व्हायची वेळ आली आहे. तू ये, तुझे ऐकतील." माझे आयुष्यात कोणी ऐकलेले नाही, पण मैत्रिणीने बोलावले म्हणून निघाले. तिच्या गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांना अजून एकमेकांबरोबर राहायचे आहे.

सुलभाने एक काम सोपवले होते. ग्रामसभेसाठी तिच्या सुनेने काळे नावाच्या तरुण हवामानतज्ज्ञाला बोलावले होते. ते कामासाठी अर्धापुरात होते, त्यांना बरोबर घेऊन यायचे होते. म्हणून रिक्षा सोडून मी आधी उलट दिशेची गाडी धरली.

अर्धापूर म्हणजे केळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दाट उभ्या, पण जवळ गेल्यावर पानांच्या कडा करपलेल्या दिसत होत्या. एका बागेच्या बांधावर काळे भेटले. अंगाने किरकोळ, बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घेणारे. बागवाल्या आजोबांनी आमच्या हातात दोन-दोन केळी ठेवली. गोड होती, पण बोटभर लांबीची. "अवंदा एवढीच व्हायलीत," आजोबा म्हणाले. "खा, लाजू नका."

मी काळ्यांना सरळ विचारले, "पाऊस येणार का?"

"मॅडम, हे दोन प्रश्न आहेत," ते म्हणाले. "वर्षानुवर्षे उष्मा वाढतो आहे आणि तो माणसाच्या करणीने वाढतो आहे, यात मला शंका नाही. सगळ्या बाजूंनी तपासून झालेली गोष्ट आहे ती. पण पुढच्या महिन्यात एका ठरावीक तलावावर पाऊस पडेल का, हे तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही. पडण्याची शक्यता बरीच कमी दिसते, इतकेच. लोक दुसऱ्या प्रश्नाची शंका उचलतात आणि पहिल्याला चिकटवतात."

माझ्या वर्गात असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. गावच्या सभेत याचे काय होईल, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही.

नांदेडला परत येऊन आम्ही कंधारमार्गे जळकोटची एसटी पकडली. बस भरलेली. काखेत फ्लेक्सची भलीमोठी गुंडाळी धरलेल्या, पांढऱ्या शर्टातल्या एका गृहस्थांनी उठून मला जागा दिली. चाळिशी ओलांडलेली, चेहरा हसरा. हे वकीलसाहेब. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून चाललेल्या चळवळीचे त्या भागातले पुढारी. फ्लेक्स नांदेडहून छापून आणला होता. गुंडाळीचे टोक उलगडून त्यांनी मला अक्षरे दाखवली: जिल्हा झालाच पाहिजे.

"होईल का?" मी विचारले.

"होईल का म्हणजे? झाला असं समजा, बाई. शंभर टक्के."

किती वर्षे मागणी आहे, विचारले. ते हसले. त्यांच्या वडिलांच्या काळापासूनची मागणी होती.

माणूस मोठा गोड. मला खिडकीतून गावे दाखवत होते, पाणी विचारत होते, छत्रीवरून चेष्टा करत होते. "बाई, आमच्याकडं छत्री लग्नात नवरदेवावर धरतेत," असे काहीबाही. मी त्यांचे मूळ गाव विचारले, तर म्हणाले, किल्लारी. मग फ्लेक्सची गुंडाळी पायाशी ठेवून आपणच बोलू लागले.

"मी शाळेत होतो तवा. भूकंपाच्या अगोदर वर्षभर जमीन गुरगुरायची. भांडी वाजायची. कोण म्हणायचं काही न्हाई, कोण म्हणायचं देवीचा कोप. पक्कं कोणालाच सांगता येईना. आमच्या वडिलांना शक (संशय) आला. आमचं माळवदाचं घर." माळवद म्हणजे लाकडावर हातभर माती घातलेले छत. "वडील म्हणले, एवढी माती डोक्यावर घेऊन मी लेकरं झोपवणार न्हाई. आम्ही सगळे खळ्यात झोपायचो, थंडीत बी. गाव हसायचं. त्या पहाटे माळवद बसलं, आन् आम्ही सगळे भायेर. हसणारे लई गेले, बाई."

माझे डोळे ओले झाले. नंतर ते आईबरोबर आजोळी, म्हणजे सुलभाच्याच गावात, आले, शिकले, वकील झाले. उतरताना त्यांनी माझी पिशवी खाली घेतली. मी सुलभाकडे निघाले आहे हे कळल्यावर म्हणाले, "अप्पांच्या घरी? मग उद्या सभेत भेटूच की."

सुलभाचे घर लिंगायताचे, मोठ्या शेतीचे. तिचे यजमान बसवराजअप्पा नुकतीच पूजा आटोपून कपाळाला विभूती लावून ओसरीवर बसले होते. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची), शेंगांची चटणी आणि घट्ट दही. सुलभा पाण्याचा तांब्या अर्धाच भरून ठेवत होती. माझ्या ते लक्षात आले, तशी ती म्हणाली, "सवय झाली गं. उरलेलं ओतून द्यावं लागत नाही."

जेवताना वाद उघड झाला. अप्पांचा ऊस उभा होता. गावात आणखी बऱ्याच जणांचा होता. तलाव ग्रामपंचायतीच्या ताब्यातला. उसाला एक पाळी (एक वेळचे पाणी) सोडली तर ऊस तरेल, पण तलाव तळाला जाईल. न सोडली तर तेच पाणी काटकसरीने पुढच्या पावसाळ्यापर्यंत गावाला पिता येईल. सरपंच महानंदा, म्हणजे अप्पांची सून, दुसऱ्या दिवशी पाणी राखण्याचा ठराव मांडणार होती.

"पाऊस महादेवाच्या हातात हाय," अप्पा म्हणाले.

"हाव मामा," महानंदा परात पुसता पुसता म्हणाली. "पर महादेवाच्या पिंडीवर बी तांब्यानंच पाणी घालावं लागतंय. ते कुठून आणायचं तेवढं सांगा."

अप्पा रागावले नाहीत. सुनेला सरपंचपदाला त्यांनीच उभे केले होते.

संध्याकाळी ती मला तलावावर घेऊन गेली. घाटाच्या सगळ्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि खालच्या पायरीपुढे भेगाळलेला गाळ. पाणी मध्यभागी, एखाद्या शेततळ्याएवढे. "मावशी, गेल्या दुष्काळात माझ्या आईच्या गावाला टँकर यायचा," ती म्हणाली. "रांगेतल्या भांडणात आईचा हात मोडला. अजून सरळ होत न्हाई. मला हितं रांग लागू द्यायची न्हाई, बस." तिला एवढेच हवे होते. यात कुठले राजकारण, कुठली विचारसरणी?

दुसऱ्या दिवशी महादेवाच्या सभामंडपात ग्रामसभा भरली. वर नवा फ्लेक्स झळकत होता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. महानंदाने ठराव वाचला आणि काळ्यांना बोलायला सांगितले. काळे उभे राहिले, घसा साफ केला आणि कागद वाचू लागले: "उर्वरित हंगामात सरासरीपेक्षा कमी पर्जन्यमानाची दाट शक्यता आहे." मी मनात कपाळाला हात लावला. अरे बाबा, पाऊस म्हण की. पर्जन्यमान कोणाच्या शेतात पडते? पण वाक्य खरे होते. जेवढे ठाऊक, तेवढेच त्यात होते.

मग वकीलसाहेब उठले. त्यांनी काळ्यांना हात जोडले, अप्पांना जोडले, बायकांना जोडले.

"काळेसाहेब शिकलेले हायत. मी त्यांचा मान ठेवतो. पर कागदात त्यांनी काय लिहिलंय? शक्यता." ते पुरुषांच्या बाजूला वळले. "शक्यता म्हणजे काय हो? जिच्यात शक हाय ती शक्यता. लिहिणाऱ्यालाच शक हाय, आन् आपण उभा ऊस वाळू द्यायचा?"

सभामंडप हसला. मनमोकळे, पोट धरून हसला. पुरुष हसले, बायका पदराआड हसल्या, अप्पाही हसले. ही कोटी चिपळुणात कोणाला सुचलीही नसती आणि कळलीही नसती. निजामाच्या राज्यातून या मुलखाच्या बोलीत 'शक' आला, घरचा झाला. शक्यता हा संस्कृत धातूतून आलेला शब्द, ज्याचा अर्थ होऊ शकणे. दोन शब्दांची सोयरीक कुठल्याच कोशात नाही. ती वकीलसाहेबांनी उभ्या उभ्या जुळवली आणि लागलीच अक्षताही टाकल्या. एका शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा त्याच्याच विरुद्ध पुरावा झाला.

"साहेब, शंभर टक्के सांगा," त्यांनी काळ्यांना विचारले. "पाऊस येणार न्हाई, हे लिहून देता का?"

"शंभर टक्के कोणीच सांगू शकणार नाही," काळे म्हणाले. पुन्हा हशा.

"आमचं पंचांग शक्यता म्हणत न्हाई. उत्तरा नक्षत्राला वाहन बेडूक हाय. बेडूक म्हणजे पाऊस. सरळ हिशोब. आन् आणखी एक ऐका. जिल्ह्याची फाईल वर गेलेली हाय. आज आपणच ठरावात लिहून दिलं की हवामान बदललं, पाणी सरलं, तर कोरडा जिल्हा कोण देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. जिल्हा होऊ द्या, पाणी आपसूक येईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिढ्यान् पिढ्या न झालेल्या जिल्ह्याबद्दल त्या मांडवात एकानेही पुरावा मागितला नाही. बेडकाकडे तर कोणी प्रमाणपत्र मागतच नाही. पुरावा मागायचा तो फक्त त्या माणसाकडे, जो मोजून मापून बोलतो. तुमच्या मनात नसलेली गोष्ट कोणी सांगितली की तुम्ही चिकित्सक होता, आणि मनातली सांगितली की भाविक. याला शंका घेणे म्हणतात? शंका घेण्यावर माझे सगळे आयुष्य गेले. ती मेहनतीची वस्तू आहे. शंका आली की माणूस उठून बघायला जातो. इथे ती न बघण्यासाठी वापरत होते.

महानंदा बोलायला उठली, तोच मागून कोणी तरी म्हणाले, "तळं राखील तो पाणी चाखील." तिचा चेहरा उतरला. ज्या बाईच्या घरचाच ऊस वाळणार होता, तिला हे ऐकावे लागले.

मी उभी राहिले. मला बोलण्याचा अधिकार नव्हता. कुजबुज झाली, पण वकीलसाहेबच म्हणाले, "पाहुण्या हायत. बोलू द्या."

"वकीलसाहेब, काल बसमध्ये तुम्ही तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत," मी म्हटले. "जमीन गुरगुरत होती. पक्के कोणालाच सांगता येत नव्हते. वडिलांना शक आला. शक आला म्हणून ते माळवदाखाली झोपायला गेले, की लेकरांना घेऊन बाहेर आले?"

हसू थांबले. गोष्ट गावाला ठाऊक असावी, कारण सगळ्यांची डोकी त्यांच्याकडे वळली. वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले आणि काही क्षण तो मला खळ्यात झोपणाऱ्या पोराचा चेहरा दिसला. मला वाटले, आता हा माणूस खरे बोलेल.

आणि तो बोलला खरेच.

"ती गोष्ट येगळी हाय, बाई," ते शांतपणे म्हणाले. "ते आमचं घर होतं."

महानंदाने ठराव मताला टाकला. हात वर झाले. पाणी सोडावे या बाजूला जास्त हात होते. अप्पांचा हात त्यांत होता, मान मात्र खाली. सुलभाने बायकांमधून सुनेच्या बाजूने हात वर केला. नवऱ्याच्या विरुद्ध चारचौघांत हात वर करायची तिची ती पहिलीच वेळ, असे तिने मला नंतर सांगितले. महानंदाने स्वतःचा ठराव पडल्याचे स्वतःच जाहीर केले आणि त्यावर सही केली.

सकाळी निघताना पाटाला पाणी वाहत होते. नितळ, खळखळते. दुसऱ्या कुठल्याही सकाळी मी थांबून पाहिले असते.

जळकोटच्या स्टँडवर काळ्यांनी चहा मागवला आणि विचारले, "मॅडम, मी शक्यता न लिहिता काय लिहायला हवे होते?"

"पाऊस येणारच नाही, असे ठोकून दिले असते तर ठराव पास झाला असता," मी चिडून म्हटले.

"आणि चुकून एक सर आली असती तर?" ते म्हणाले. "पुढच्या वेळी कोण ऐकणार?"

"या वेळी तरी कोणी ऐकले?"

त्यांनी चहाचे पैसे दिले. माझा राग त्यांच्यावर नव्हता, पण समोर तेच होते.

मी लातूरला उतरले. ज्या शहराला एकदा आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या शहरात माझ्या लॉजचे मालक सकाळी नळी लावून पायऱ्या धूत होते. दुष्काळाचे नाव काढले तर म्हणाले, "हे चालूच असतंय हो. आमच्या आजोबांच्या टायमाला बी होता." आजोबांच्या काळी ताप येत असे, म्हणून आजचा ताप मोजायचाच नाही, असा एकूण न्याय. मी भांडले नाही. भांडून भांडून घसा बसला होता.

परतीच्या गाडीला वेळ होता. औशावरून जीपने किल्लारीला गेले. का गेले, ते नीट सांगता येणार नाही. वकीलसाहेबांचे घर मला बघायचे होते बहुधा. जुन्या गावाच्या जागी आता गवत आणि दगड. नव्या गावात रुंद रस्ते आणि एकसारखी घरे. एका घराशेजारी नव्या खोलीचे बांधकाम चालले होते आणि घरमालकीण गवंड्याला ओरडत होती. खिडकीच्या वर भिंतीतून सिमेंटची पट्टी फिरवायची होती, भूकंपात भिंती धरून ठेवणारी. गवंडी म्हणत होता, एवढ्याशा खोलीला कशाला.

मी त्या बाईंना विचारले, "पुन्हा भूकंप येईल असे वाटते का तुम्हाला?"

त्या माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावे तशा बघू लागल्या. "येईल का न्हाई, मला काय ठावं? घाल रे पट्टी."

त्यांना माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. मीही निघाले.

घरी पोचले तर पाऊस तसाच चालू होता. आमच्या गल्लीतल्या एका इंजिनिअर गृहस्थांनी मोबाइलवर एक लांबलचक मजकूर पाठवला होता: हवामानबदल कसा थोतांड आहे, शास्त्रज्ञांचेच कसे एकमत नाही. पूर येईल की नाही याची खात्री नसताना या गृहस्थांनी घराचे जोते कंबरभर उचलून घेतले आहे. ते त्यांचे घर आहे. प्रवासवर्णनात आपण दुसऱ्यांच्या गावाबद्दल लिहितो, पण वकीलसाहेबांचे ते वाक्य मी काही जळकोटच्या पलीकडे सोडून आले नाही. ते इथे माझ्याआधी येऊन बसले होते.

उत्तरा नक्षत्र बेडकासकट कोरडे गेले. त्यानंतर काही दिवसांनी महानंदाचा फोन आला.

"मावशी, तुमची छत्री हितंच राहिली. मी वापरायले, चालंल ना? टँकरच्या रांगेत ऊन लई लागतंय."

"टँकर आला?"

"हाव. वकीलसाहेबांनीच आणला. सोता उभं राहून वाटायलेत. टँकरला तोच फ्लेक्स बांधलाय."

तिचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. मी विचारले, "पावसाचे काय म्हणतात तुमचे वकीलसाहेब?"

"म्हणतेत, हस्तात यायची दाट शक्यता हाय."

"कोणी हसले का गं?"

"न्हाई, मावशी," ती म्हणाली. "कोणीच हसलं न्हाई."